दोन सीट, एक टन वजन आणि चार तळहात रबर

“दोनच सीटा? मग आम्ही आलो तर बसायचं कुठं?”

गाडी घेतल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा आप्पांचा पहिला प्रश्न हा होता. दुसरा आईचा. ती फोनपासून लांब उभी राहून म्हणाली, “छप्पर कापडाचं म्हणते? मग स्वस्तात दिली असेल.”

खरंच स्वस्तात मिळाली होती. २००१ सालची माझदा एमएक्स-५, माझ्याआधी तीन मालक झालेली. जर्मनीत पीएचडी करणाऱ्या मुलीच्या पगारात बसतील अशा स्पोर्ट्स कार फार थोड्या, त्यातली ही एक. दोन वर्षांची बचत गेली. त्याआधी लायसन्सचा खर्च झाला होता तो वेगळाच. आपलं भारतीय लायसन्स इथे सहा महिने चालतं, मग लेखी आणि गाडी चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. मी त्या दिल्या, आणि पास झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात ही गाडी घेतली. घरी पैसे पाठवायचे सोडून हे काय, असा प्रश्न कुणी विचारला नाही. तो मीच स्वतःला विचारत होते.

एरवी मी इथे माझ्या संशोधनाबद्दल, म्हणजे रबराबद्दल लिहिते. आज गाडीबद्दल लिहिणार आहे. पण वाचता वाचता तुमच्या लक्षात येईल की विषय फारसा बदललेला नाही. स्पोर्ट्स कार घेताना माणसं इंजिन बघतात, रंग बघतात, आवाज ऐकतात. गाडीतली मजा मात्र शेवटी ठरते ती जमिनीला टेकलेल्या रबरावर. आणि ती मजा जिवावर बेतणार की नाही, हेही तिथेच ठरतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं मात्र एका नोव्हेंबरच्या सकाळी. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी वजन, मग ताकद

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यासमोर येते ती पाच-सहाशे हॉर्सपॉवरची, जमिनीला चिकटलेली, कर्कश आवाज करणारी गाडी. माझ्या गाडीचं इंजिन १.६ लिटरचं आणि ताकद ११० हॉर्सपॉवर. आपल्याकडच्या एखाद्या साध्या एसयूव्हीएवढीच. मग हिला स्पोर्ट्स कार का म्हणायचं?

याची गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. १९६० च्या दशकात तिथे लोटस एलान, एमजी बी, ट्रायम्फ स्पिटफायर अशा छोट्या, हलक्या, उघड्या गाड्या निघत. इंजिन लहान, पण वजनच इतकं कमी की वळणावर भल्याभल्यांना मागे टाकायच्या. पुढे हा प्रकार जवळजवळ संपला. १९७९ मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की अशी गाडी आता तुम्ही बनवा. त्यातून दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ लोकांसमोर आली. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतली १० लाखावी गाडी तयार झाली. दोन सीटच्या गाडीसाठी हा आकडा प्रचंड आहे.

तिच्या रचनेमागची कल्पना सांगताना जपानी लोक ‘जिनबा इत्ताई’ म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणं. जाहिरातीतलं वाक्य म्हणून सोडून देता आलं असतं, पण यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

पहिली गोष्ट वजन. माझी गाडी साधारण एक टनाची आहे. हलक्या गाडीला वेग घ्यायला कमी ताकद लागते आणि थांबायला कमी ऊर्जा जिरवावी लागते, हे तर उघड आहे. पण इथे एक कमी उघड गोष्टही आहे. शाळेत आपण शिकतो की घर्षण हे भाराच्या प्रमाणात असतं. भार दुप्पट झाला की घर्षणही दुप्पट. रबर हे ऐकत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. म्हणजे गाडी जड होत जाते तशी तिच्या प्रत्येक किलोमागची पकड घटत जाते.

दुसरी गोष्ट उंची. वळणावर गाडी बाहेर झुकते, बाहेरच्या चाकांवर भार वाढतो, आतल्या चाकांवरचा कमी होतो. एकूण बेरीज तीच राहते. पण वर सांगितलेल्या नियमामुळे बाहेरच्या टायरांना जेवढी पकड मिळते, त्यापेक्षा जास्त पकड आतले टायर गमावतात. भार इकडून तिकडे जेवढा सरकेल तेवढा तोटा मोठा. गाडी बुटकी असली की भार कमी सरकतो. म्हणून स्पोर्ट्स कारमध्ये बसताना जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. तो दिखावा नसतो.

तिसरी गोष्ट, वजन ठेवलंय कुठे? फुगडी खेळताना हात लांब करून मागे रेललं तर गिरकी संथ होते, जवळ आलं की भिंगरी होते. गाडीचंही तसंच. जड वस्तू मध्याच्या जवळ असतील तर ती चटकन वळते. एमएक्स-५ चं इंजिन समोर आहे, पण पुढच्या आसाच्या मागे सरकवलेलं, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मं निम्मं वजन येतं. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे असतं. वेग घेताना त्याचा फायदा होतो, कारण ज्या चाकांना ताकद मिळते त्यांच्यावरच वजन असतं. पण वळणात पाय चुकला तर ती जड शेपूट लंबकासारखी पुढे यायला बघते. आजच्या ९११ मध्ये हे बरंच काबूत आणलंय, पण मूळ स्वभाव तोच आहे. इंजिन सीटच्या मागे, मधोमध ठेवलेल्या गाड्या सगळ्यात चपळ. भिंगरीसारख्या वळतात आणि एकदा सुटल्या की भिंगरीसारख्याच फिरतात.

म्हणजे ‘कुठली स्पोर्ट्स कार चांगली’ या प्रश्नाआधी एक प्रश्न असतो. तुम्हाला सरळ रस्त्यावरची मजा हवी की वळणावरची? सरळ रस्त्यावर ताकद लागते. वळणावर लागतं कमी वजन, कमी उंची आणि रबर.

चार तळहात

आता थोडा हिशोब करू. गाडी अधिक मी असं धरून ११०० किलो. प्रत्येक चाकावर साधारण २७५ किलो. टायरमध्ये हवेचा दाब १.८ बार. वजनाला दाबाने भागलं की टायर जमिनीला किती टेकतो ते साधारण कळतं. उत्तर येतं १५० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एक तळहात. वेग घेणं, ब्रेक लावणं, वळणं, सगळं काही या चार तळहातांतून होतं.

प्रत्येक तळहाताकडे पकडीचं ठरावीक बजेट असतं, महिन्याच्या पगारासारखं. ते ब्रेकवर खर्च करा किंवा वळण्यावर. दोन्हीवर पूर्ण खर्च करता येत नाही. वळणाच्या ऐन मध्यात जोरात ब्रेक मारू नये, असं ड्रायव्हिंग शिकवणारे सांगतात ते यासाठी. बजेट वळण्यावर आधीच संपलेलं असतं.

वळणावर किती वेग चालेल याचं सूत्र सोपं आहे. घर्षणाचा गुणांक, गुरुत्वाकर्षण आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. ५० मीटर त्रिज्येचं वळण आणि चांगला कोरडा रस्ता, गुणांक ०.९ असेल, तर उत्तर येतं ताशी ७६ किलोमीटर. तेच वळण, पण गुणांक ०.५ झाला तर ताशी ५६ किलोमीटर. गाडी तीच, इंजिन तेच, चालवणारी तीच. बदललं फक्त रबर आणि रस्ता यांचं नातं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

मजेचा एक मोठा भाग असा की चांगली गाडी हे बजेट संपत आल्याचं हातात सांगते. टायर जमिनीला टेकतो त्या तुकड्याच्या पुढच्या भागात रबर नुकतंच येऊन टेकलेलं असतं, फारसं ताणलेलं नसतं. मागच्या भागापर्यंत पोचता पोचता ते आडवं ताणलं जातं. त्यामुळे आडवा जोर मधोमध लागत नाही, थोडा मागे लागतो. हा मागे लागणारा जोर चाक सरळ करायला बघतो. वळताना स्टिअरिंग हाताला जड लागतं, सोडलं की आपोआप सरळ होतं, त्यात याचा मोठा वाटा आहे. आता वेग वाढवत नेला की सगळ्यात आधी घसरू लागतो तो मागचा, जास्त ताणलेला भाग. जोर लागण्याची जागा पुढे सरकते आणि स्टिअरिंग किंचित हलकं होतं. पकड पूर्ण संपायच्या आधी! हा निरोप ज्या गाडीत स्पष्ट पोचतो, ती चालवताना आपण रस्त्याशी बोलतोय असं वाटतं. मला विचाराल तर स्पोर्ट्स कारची खरी मजा ही आहे. ताशी ७० च्या वेगातही ती मिळते. छप्पर उघडं ठेवून ऑटोबानवर १६० ने गेलात तर मिळतो फक्त वारा आणि डोकेदुखी.

आयफेलच्या डोंगरातल्या रस्त्यांवर मी हा निरोप वाचायला शिकले. निदान तसं मला वाटत होतं.

रबर म्हणजे गुळाचा पाक

माझं काम नेमकं काय, असं घरी विचारतात तेव्हा मी गुळाचं उदाहरण देते. चिक्कीसाठी केलेला पाक गरम असताना ओढला तर तार निघते. तोच पाक थंड झाला की कट्कन तुटतो. आता मधली अवस्था घ्या, कोमट पाक. सावकाश वाकवला तर वाकेल. झटका दिला तर तुटेल. म्हणजे झटपट केलेली क्रिया आणि थंडी, दोन्हींचा परिणाम सारखाच. पदार्थातल्या रेणूंना हलायला वेळ लागतो. थंडीत त्यांना जास्त वेळ लागतो, आणि घाईत आपण तो वेळच देत नाही. दोन्हीकडे पदार्थ ताठच भासतो.

रबराचंही असंच आहे. वेग आणि तापमान यांची ही अदलाबदल कशी मोजायची, याचं सूत्र विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी १९५५ मध्ये दिलं. माझ्या प्रयोगशाळेतला अर्धा दिवस त्याच सूत्रावर जातो. रबराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा यंत्रात धरायचा, वेगवेगळ्या तापमानांना हलवायचा आणि तो किती ऊर्जा परत देतो, किती गिळतो ते मोजायचं.

याचा पकडीशी संबंध काय? रस्ता गुळगुळीत नसतो. खडीचे उंचवटे असतात, त्या खडीवर बारीक खडबड, तिच्यावर आणखी बारीक. टायर किंचित घसरताना रबर या उंचवट्यांवरून दाबलं जातं आणि सुटतं. सुटताना दिलेली ऊर्जा पूर्ण परत मिळाली असती तर घसरण्याला फारसा विरोधच झाला नसता. पण रबर काही ऊर्जा गिळतं, तिची उष्णता करतं. ती गिळलेली ऊर्जा म्हणजे आपली पकड. शिवाय रबर रस्त्याला रेणूंच्या पातळीवर चिकटतंही. पकड या दोन्ही मार्गांनी येते.

१९६३ मध्ये ग्रोश यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या वेगांना आणि तापमानांना रबर घासून घर्षण मोजलं. आकडे आधी विस्कळीत दिसतात. पण वेग आणि तापमान यांच्या अदलाबदलीचं सूत्र लावलं की सगळे बिंदू एकाच वक्रावर येऊन बसतात. त्या वक्राला शिखर आहे. एका ठरावीक वेगापर्यंत घर्षण वाढतं, मग घटतं. आणि तापमान कमी केलं की ते शिखर कमी वेगाकडे सरकतं. खडबडीत पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड टाकून त्यांनी चिकटण्याचा भाग जवळपास काढून टाकला आणि उरलेला भाग वेगळा दाखवला. २००१ मध्ये पेर्सन यांनी खडबडीचे सगळे थर, मिलिमीटरपासून मायक्रोमीटरपर्यंत, एकत्र धरून याचा सिद्धांत मांडला. माझा प्रबंध त्याच झाडाच्या एका छोट्या फांदीवर आहे.

टायर बनवणाऱ्यांची अडचणही यातूनच कळते. ताशी १०० च्या वेगाने चाक सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं, म्हणजे रबर सेकंदाला पंधरा वेळा दबतं. इथे गिळलेली ऊर्जा वाया जाते, पेट्रोल जास्त लागतं. पण ब्रेक मारताना रस्त्याच्या बारीक खडबडीमुळे तेच रबर सेकंदाला हजारो वेळा किंवा त्याहून जास्त थरथरतं. इथे गिळलेली ऊर्जा आपला जीव वाचवते. म्हणजे रबराने संथ हालचालीत कंजूष असावं आणि जलद हालचालीत उधळं! मिशलिनने १९९२ मध्ये काजळीच्या जागी सिलिका वापरून बनवलेला टायर आणला. दोन्ही गोष्टी एकत्र बऱ्यापैकी साधता आल्या, म्हणून ते मोठं पाऊल मानलं जातं.

स्पोर्ट्स टायर या तडजोडीत पकडीच्या बाजूला झुकलेला असतो. तो गरम रस्त्यासाठी बनवलेला असतो. फॉर्म्युला वनचे टायर तर १०० अंशांच्या आसपास रंगात येतात. पण थंडीत ग्रोश यांचं शिखर मागे सरकतं, आणि आपण त्याच्या पलीकडच्या उताराला लागतो. रबर ताठ होतं, बारीक खडबडीत शिरत नाही, वरवर टेकतं. कट्कन तुटणारा पाक.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. चर्चासत्रात मी यावर वीस मिनिटं बोलले होते.

नोव्हेंबरची सकाळ

नोव्हेंबर २०२२. तापमान चार अंश. रात्री पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर ओली पानं. जर्मनीत एक साधा नियम सांगतात, ‘ओ ते ओ’. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर, हिवाळी टायर वापरावेत. मी पुढच्या शनिवारी बदलणार होते. आधीचाही शनिवार असाच गेला होता.

महामार्गावरून खाली उतरणारा वळणाचा रस्ता. पाटी ६० ची. मी ५५ वर होते. वळणाच्या मध्यात वाटलं, वेग जरा जास्त आहे, आणि कुणीही करेल तेच केलं. ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला.

पाय उचलला की गाडीचा भार पुढे जातो. मागची चाकं हलकी होतात. त्यांचं बजेट वळण्यावर आधीच पूर्ण खर्च झालेलं होतं, त्यात आता कपात झाली. मागची बाजू सुटली. स्टिअरिंगने काही सांगितलं का? नाही. तो निरोप पुढच्या चाकांचा असतो, आणि घसरली ती मागची. गाडी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी आणि वर थोडी, अशी फिरली आणि गवतात जाऊन उलट्या दिशेला तोंड करून थांबली. मागून येणाऱ्या व्हॅनने लांबून पाहिलं असावं. ती आधीच थांबली होती. तिचे दिवे माझ्या डोळ्यांत येत होते. मला काही झालं नाही. गाडीलाही नाही. व्हॅन जरा जवळ असती तर हा लेख लिहिला गेला नसता, किंवा कुणाच्या तरी घरी दुसरा फोन गेला असता.

कायद्याच्या आत होते, भौतिकशास्त्राच्या बाहेर. वर दिलेले दोन आकडे आठवा. ७६ आणि ५६.

संध्याकाळी आप्पांना सांगितलं. त्यांची नोकरी एसटीच्या कार्यशाळेत, टायर विभागात गेली. रिमोल्डला पाठवायचे टायर आणि भंगारात काढायचे टायर वेगळे करण्यात आयुष्य गेलं. ओरडले नाहीत. विचारलं, “टायर कसे होते?”

“नक्षी भरपूर आहे आप्पा. सहा मिलिमीटर. इथे कायद्याने १.६ लागते.”

“नक्षी बघितलीस. नख लावून बघितलं होतंस का?”

नव्हतं बघितलं. फोन ठेवल्यावर टॉर्च घेऊन खाली गेले. टायरच्या बाजूला शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर होतं ३२११. म्हणजे २०११ चा बत्तिसावा आठवडा. अकरा वर्षांचं रबर. गाडी कमी चाललेली म्हणून नक्षी शाबूत होती, आणि नक्षी शाबूत म्हणून सगळे समाधानी होते. दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत नक्षीची खोली बघतात. साध्या गाडीच्या टायरला वयाची अट नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं कठीणपणा मोजायचं छोटं यंत्र खिशात घालून आणलं. नवीन टायरच्या रबराचा आकडा साधारण ६० ते ७० च्या दरम्यान येतो. माझा आला ८१. वर्षानुवर्षं हवेतला प्राणवायू रबरात शिरतो, साखळ्यांमध्ये नवे बंध तयार होतात, मऊपणा देणारी तेलं हळूहळू निघून जातात. रबर म्हातारं होतं. त्यावर उन्हाळी टायर, त्यावर चार अंश, त्यावर ओली पानं. आप्पांच्या नखाला हे कळलं असतं. रबरावर पीएचडी करणाऱ्या मुलीला कळलं नाही, कारण तिने बघितलंच नाही.

मग निवड कशी करायची?

गाडी विकायची का, याचा आठवडाभर विचार केला. विकली नाही. पण तिच्याकडे बघण्याची पद्धत बदलली. आता कुणी सल्ला विचारला तर मी क्रमाने हे सांगते.

किमतीत टायर धरा. जुनी स्पोर्ट्स कार स्वस्त मिळते, कारण पहिल्या मालकाने घसारा भरलेला असतो. तुमच्या वाट्याला देखभाल येते. चार चांगले टायर, ब्रेकचं तेल, सस्पेन्शनमधली म्हातारी रबरं, कापडी छताच्या शिवणी आणि गाडीखालचा गंज, कारण थंड देशात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. खरेदीचा आकडा ठरवाल तेव्हा त्याच्या एक तृतीयांश रक्कम बाजूला असू द्या. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे.

पकड जास्त म्हणजे मजा जास्त, असं समजू नका. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ आणली तेव्हा तिला कारखान्यातून जे टायर लावले, तसेच टायर प्रियसच्या काही मॉडेलांना लावत. चूक नव्हती, मुद्दाम केलं होतं. पकडीची मर्यादा थोडी खाली आणली की ती कमी वेगात, हळूहळू आणि ओळखता येईल अशी येते. खूप रुंद, खूप चिकट टायरची मर्यादा इतकी वर असते की सार्वजनिक रस्त्यावर तिथे पोचणं म्हणजे गुन्हा, आणि पोचलात तर परत येणं कठीण.

इलेक्ट्रॉनिक राखणदार हवा की नको, ते प्रामाणिकपणे ठरवा. गाडी घसरू लागली की एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा युरोपात २०१४ पासून सगळ्या नवीन गाड्यांना सक्तीची आहे. माझ्या गाडीत ती नाही. जुन्या गाडीप्रेमींना याचा अभिमान वाटतो. मलाही वाटायचा. आता मी म्हणते, ती नसेल तर आधी मोकळ्या जागेत गाडी घसरवायला आणि सावरायला शिका. मी एका मैदानावर ओल्या डांबरावर दिवसभर तेच केलं. त्या दिवशी जेवढी हसले तेवढी वर्षभरात हसले नव्हते.

वेगाची हौस असेल तर ती योग्य जागी पुरवा. माझ्याकडून नुर्बुर्गरिंग फार लांब नाही. १९२७ मध्ये सुरू झालेला, त्यातली उत्तरेकडची फेरी २०.८ किलोमीटरची. ठरलेल्या वेळी पैसे भरून कुणीही आपली गाडी त्यावर नेऊ शकतं. मी एकच फेरी मारली. जवळजवळ सगळे मला ओलांडून गेले, त्यात एक कुटुंबाची स्टेशन वॅगनही होती. तरी उतरल्यावर हात थरथरत होते.

आणि गाडी कधी चालवायची नाही, हेही आधी ठरवा. इथे हंगामी नंबरप्लेट मिळते, तिच्यावर महिने छापलेले असतात. माझ्या पाटीवर आता एप्रिल ते ऑक्टोबर आहे. उरलेले महिने गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवताच काय, उभीसुद्धा करता येत नाही. मी एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारची जागा भाड्याने घेतली आहे. ‘पुढच्या शनिवारी बदलू’ म्हणणाऱ्या माझ्यासारखीला हे बरं. निर्णय पाटीनेच घेऊन टाकला.

आपल्याकडे काय?

भारतात अशी गाडी बाळगणं सोपं नाही. आयात कर जबर आहे, आणि जमिनीपासून वीतभर उंचीची गाडी पहिल्याच गतिरोधकावर पोट घासते. फायबरग्लासची, दोन सीटची ‘सॅन स्टॉर्म’ आपल्याकडे १९९० च्या दशकाअखेरीस आली होती, पण फार कमी लोकांनी पाहिली. ते असो. रबराचा हिशोब मात्र बुलेटला, वॅगन आरला आणि लाल डब्यालाही तोच लागू आहे.

आपल्याकडे थंडीची भीती नाही, उष्णतेची आहे. उष्णतेत प्राणवायू रबरात लवकर शिरतो, टायर लवकर म्हातारा होतो. आणि पकड देणारा जो गुण, ऊर्जा गिळून उष्णता करायचा, तोच उन्हाळ्यात उलटतो. हवा कमी, भार जादा, रस्ता तापलेला, वेग सलग शंभरच्या वर. टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, जास्त ऊर्जा गिळतो, तापतो आणि आतले थर सुटू लागतात. द्रुतगती मार्गावर टायर फुटतात ते बऱ्याचदा असे. महिन्यातून एकदा टायर थंड असताना हवा तपासायला पाच मिनिटं लागतात.

म्हणून आज एवढंच करा. खाली जा, गाडी कुठलीही असो, टायरच्या बाजूवरचे ते चार अंक वाचा. मग नक्षीच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून बघा, आणि जमलं तर शेजाऱ्याच्या नव्या टायरवरही दाबून बघा. फरक कळतो. यंत्र लागत नाही.

माझा प्रबंध पुढच्या वर्षी द्यायचा आहे. त्यानंतर नोकरी कुठे, गाडी राहील की जाईल, माहीत नाही. आप्पा आणि आई मे महिन्यात येतायत. दोन सीटांचा प्रश्न आईनेच सोडवला. म्हणाली, “मी नाही बसणार त्या उघड्या डब्यात. तुम्ही दोघं फिरून या.”

आप्पा गाडीत बसायच्या आधी काय करणार, ते मला माहीत आहे. चारही टायरांना नख लावून बघणार. बघू देत. या वेळी मी आधीच बघून ठेवलंय.